फोरमन मोहाखाली नाही

तळ्याच्या पलीकडच्या काठावर मोहाचं जे जुनं झाड आहे, त्याच्या बुंध्याभोवती कुणीतरी लाल रंगाचा पट्टा ओढला आहे. मी पाहिला तेव्हा रंग ओला होता. कुकीनं, म्हणजे माझ्या नातीच्या कुत्रीनं, तो हुंगला आणि नाकाच्या शेंड्यावर लाल ठिपका घेऊन ती माझ्याकडे पाहत उभी राहिली. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. कुरुद गाव आता इकडे सरकत आलं आहे. इथं प्लॉट पडणार, रस्ता होणार, आणि तो मोहावरूनच जाणार. फुलं गळायला नुकतीच सुरुवात झाली होती. चुन्याच्या पांढऱ्या रेघेवर ती पिवळसर, रसाळ फुलं पडली होती आणि सकाळच्या हवेत तो जड, गोड, थोडा आंबलेला वास दाटला होता.

मी सुखदेवला फोन केला. तो निवृत्तीनंतर साकोलीकडे आपल्या वावरात राहायला गेला. बातमी त्यानं पुरती ऐकून घेतली. मग म्हणाला, "कुदळ हाये का बे तुह्यापाशी? का तेही भंगारात देल्लं?"

"कुदळ कशाले?"

"कशाले म्हंजे? फोरमनले काढून आणतो ना. मशीन फिरन तिथं त्याच्या अंगावरून. हाडं सापडतीन तेवढी नेतो, वावरात ठेवतो. पोरीकडे येऊनच राह्यलो मी भिलाई-तीनले. तू फक्त कुदळ काढून ठेव."

फोन बंद झाला तरी मी तो कानाशी धरून उभा होतो. मोहाखाली फोरमनची हाडं नाहीत. कधीच नव्हती. भिलाईच्या सेक्टर सहामधली जुनी माणसं मोहाखालच्या कुत्र्याची जी गोष्ट सांगतात, सुखदेवची मुलगी आपल्या पोरांना जी सांगत आली, ती चुकीची आहे. ती मी चुकवली. कशी ते सांगायचं तर मला पुन्हा सगळा फेरा फिरावा लागेल.

फोरमन हे आमच्या कुत्र्याचं नाव. आमच्या म्हणजे सुखदेवच्या आणि माझ्या. सेक्टर सहात आम्ही एकाच ब्लॉकमध्ये राहत होतो, मी खाली, तो वर. तो भंडाऱ्याकडचा, मी तिरोड्याकडचा. पोलाद कारखान्यात तो कोक ओव्हनला, मी रोलिंग मिलला. एका पावसाळ्यात सायकलींवरून परतताना रस्त्याच्या कडेला ते ओलं, भुऱ्या रंगाचं पिल्लू मिळालं. माझ्या डब्याच्या पिशवीत घालून आम्ही ते आणलं, म्हणून मला ते माझं वाटलं. सुखदेवनं त्याला आपल्या टॉवेलनं पुसलं, म्हणून ते त्याचं झालं. हे मला पुढं कळलं. दुसऱ्याच दिवशी कारखान्याचा भोंगा वाजताच पिल्लू फाटकाशी जाऊन कामावर जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकायला लागलं. सुखदेव म्हणाला, "हा तर फोरमन हाये बे." नाव पडलं ते पडलंच.

आमच्या शिफ्ट उलटसुलट. मी नाईटला असलो तर तो जनरलला, तो सेकंडला असला तर मी सकाळी. त्यामुळे कुत्र्याला फिरवायचं काम आपोआप वाटलं गेलं. कारखान्यात रिलीव्हर आल्याशिवाय, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय, कुणी आपली जागा सोडत नाही. तोच कायदा आम्ही कुत्र्याला लावला. जिन्यात चार्ज दिला-घेतला जाई.

"काही ब्रेकडाउन?"

"मागच्या पायात बाभळीचा काटा गेलता. काढला."

"खाणं?"

"पोळी खाल्ली. दूध पाहून तोंड फिरवलं साहेबांनं."

"कोणावर भुंकला?"

"तुह्या मेहुण्यावर."

"मंग प्रकृती चांगली हाये. घेतला चार्ज."

माझी बायको दारात उभी राहून हसायची. "सुखदेवभाऊजी, तुमच्यापाशी असला की कसा खुशीत असते हो तो," असं म्हणायची. तिला वाटायचं, ती कौतुक करते आहे.

खुशीत असायचाच तो. मी डोळ्यांनी पाहत होतो. सुखदेवचा पाय जिन्याच्या वरच्या पायरीवर वाजला की खाली माझ्या ओट्यावर निजलेल्या फोरमनचे कान झोपेतच उभे राहत. मी सुपेल्याच्या बाजारातून त्याच्यासाठी बकऱ्याची कलेजी आणायचो. बायको नाक मुरडत शिजवून द्यायची. तो खायचा, ताटली चाटून लख्ख करायचा, माझा हातही एकदा चाटायचा, आणि जिना चढून वर सुखदेवच्या दाराशी जाऊन बसायचा. रात्री तो जिन्याच्या मधल्या वळणावर झोपे, दोन्ही घरांच्या बरोबर मध्ये. सगळे म्हणत, पाहा, किती शहाणा, कुणाला दुखवत नाही. पण त्याचं तोंड वरच्या बाजूला असे आणि शेपूट माझ्याकडे. मी कितीदा उठून पाहिलं आहे.

सुखदेव त्यासाठी वेगळं काही करत नव्हता, हेच मला खुपायचं. तो फोरमनला जवळही फारसा घेत नसे. चालता चालता नुसता बोलत राही, आपण माणसाशी बोलतो तसा. मी बोलायला गेलो की मला माझाच आवाज खोटा वाटे.

आणि हा फेरा. रूळ ओलांडून कुरुदच्या बाजूला आलं की एक पुलिया, म्हणजे लहानसा पूल, लागते. तिथून पायवाट आत शिरते, तळ्याला वळसा घालते आणि परत पुलियाशी येते. सुखदेव तळं डाव्या हाताला ठेवून चालायचा. मी एकदा मुद्दाम उलट्या बाजूनं निघालो. फोरमन पुलियाशी बसून राहिला. हाक मारली, दगड उचलल्यासारखं केलं, शेवटी बिस्किट दाखवलं. तो जांभई देऊन डाव्या वाटेकडे बघत बसला. मी परत फिरलो. त्या दिवसापासून आजपर्यंत मी हा फेरा सुखदेवच्याच बाजूनं घालतो आहे.

पुलियापासून आधी नीलगिरीची लागवड लागते. धूळ बसावी म्हणून लावलेली झाडं, सरळ रांगेत. पावसाळ्यात त्यांच्या साली सुटून खाली लोंबत आणि औषधाच्या बाटलीसारखा वास येई. त्यात पक्षी फारसे थांबत नाहीत. पण लागवड संपली की एकदम जुनं रान सुरू होतं. बोरी, पळस, तेंदू, करंज. फाल्गुनात पळस पेटला की फोरमनची भुरी पाठसुद्धा तांबूस दिसे. तिथंच जमिनीत दगडी जोती दिसतात. कारखाना आला तेव्हा उठून गेलेल्या गावाची ती घरं. एका जोत्याच्या मधोमध उंबराचं झाड वाढलं आहे, जिथं कुणाची तरी चूल असेल. विहिरीत आता पाण्याऐवजी नेचे आहेत. ठाकूरदेव या गावदेवाच्या ओट्यावर मातीचे घोडे होते, पायमोडके, शेवाळलेले. फोरमन त्या घोड्यांना दर वेळी नव्यानं हुंगे आणि अदबीनं बाजूनं जाई. वडाला फळं आली की हिरवी हरियाल कबुतरं पानांतून दिसतच नसत, नुसती फळं टपटपत. धनेशाची जोडी एका फांदीवरून दुसरीवर लाटेसारखी उडत जाई. एकदा एक घोरपड वाटेच्या मधोमध ऊन खात पडली होती आणि फोरमन तिच्यापासून हातभर अंतरावर बसून राहिला, जणू तिची शिफ्ट संपायची वाट पाहतो आहे.

जोत्यांच्या पुढं, तळ्याच्या अगदी काठाला, एक येनाचं, म्हणजे ऐनाचं, झाड आहे. कोरडं, उंच. साल मगरीच्या पाठीसारखी चिरा पडलेली. त्याच्याजवळ कुणी थांबत नाही. त्याला वास नाही, सावली बेताची, आणि उन्हाळ्याआधी त्याची सगळी पानं गळून जातात.

मग तळं. त्याच्या मधोमध एक लाकडी खांब उभा आहे, काळा पडलेला, वर बहुधा खंड्या बसलेला. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, मोजमाप करणाऱ्यांनी रोवला असेल. कुरुदची एक म्हातारी शिंगाडे काढायला यायची. ती कमरेवर हात ठेवून हसली. "ए तरिया के बिहाव होय हे, बाबू." या तळ्याचं लग्न झालं आहे. जुन्या गावानं तळं खोदलं, मग वाजतगाजत त्याचं लग्न लावलं, मधे खांब रोवला, आणि मगच गावकरी ते पाणी सगळ्या कामांना घ्यायला मोकळे झाले. सुखदेवला ही गोष्ट इतकी आवडली की तो पुढं कित्येक दिवस तळ्याला वहिनी म्हणायचा. "वहिनी, येऊ का काठावर?" फोरमन शेपूट हलवायचा. मलाही ती गोष्ट आवडली होती. पण ती त्यानं आधी उचलली.

येनाच्या बरोबर समोर, पाण्यापलीकडे, मोह आहे. एका काठावरून दुसरा काठ स्वच्छ दिसतो. माणूस कोण आहे तेही ओळखू येतं. चैत्रात पहाटे मोहाखाली पाऊल ठेवायला जागा नसे. पोरी टोपल्या घेऊन वेचायला येत. सुखदेव तिथं बूट काढून बसायचा, विडी ओढायचा. फोरमन एखादं फूल तोंडात घेऊन परत टाकायचा. मी त्याला घेऊन एकटा आलो की तो त्याच झाडाखाली जाऊन बसे आणि वाटेकडे पाहत राही. ओढलं तरी उठत नसे. रिलीव्हरची वाट पाहणं सुरू असे. त्याला वाटे, मी नुसता मधल्या वेळेचा माणूस आहे.

संध्याकाळी कारखान्यात स्लॅग, म्हणजे भट्टीतला तापलेला मळ, ओतला की आभाळाचा तो कोपरा लाल होई, तळं लाल होई, आणि पलीकडच्या झुडपांतून कोल्हे ओरडायला लागत. अडई बदकं शीळ घालत डोक्यावरून जात. कोक ओव्हनचा तो गॅसचा वास सुखदेवच्या कपड्यांना कायम असे. फोरमन त्या वासात नाक खुपसून उभा राही. मी आंघोळ करून, साबणाचा वास घेऊन यायचो.

एक गोष्ट इथं लिहायलाच हवी. माझी आई तिरोड्याहून राहायला आली की वरच्या मजल्यावरचं पाणी घेत नसे. वरच्या वहिनींनी, म्हणजे सुखदेवच्या बायकोनं, चहा पाठवला तर तो ओट्यावर निवून जाई. मी काही बोललो नाही. सुखदेवही कधी काही बोलला नाही. तो मला आधीपासून गमतीनं "पाटील" म्हणायचा, पण आई असली की म्हणत नसे. कुत्रा मात्र दोन्ही घरचं खात होता.

फोरमन म्हातारा झाला. तोंडाचे केस पांढरे झाले, जिना चढवेना. तेव्हा तो माझ्या ओट्यावर राहायला लागला आणि मला, लाज वाटते सांगायला, आनंद झाला. पानगळीचे दिवस होते. एका सकाळी तो उठलाच नाही. चार्ज माझ्याकडे होता. सुखदेव नाईटला गेला होता आणि सकाळी त्याचा रिलीव्हर आला नव्हता, म्हणून तो डबल शिफ्ट करत होता. संध्याकाळी येणार हे मला माहीत होतं. वहिनी जिन्यात उभ्या राहून रडत म्हणाल्या, "त्याहीले येऊ द्या." माझी बायकोही तेच म्हणाली. हवा थंड होती. थांबता आलं असतं.

मी फोरमनला तागाच्या पोत्यात घेतलं, सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि निघालो. पुलियाशी पोचलो तेव्हा पाय आपोआप डाव्या वाटेला वळले. तो त्या वाटेनं पहिल्यांदाच माझ्याबरोबर मागं न पाहता येत होता. येनाखाली पानांचा जाड थर होता. खाली जमीन कडक. मी खोल खोदलं, कोल्ह्यांना मिळू नये इतकं. दगड रचले. वर पुन्हा तीच पानं सारखी केली. हात झटकून उभा राहिलो आणि मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आता हे ठिकाण फक्त मला माहीत आहे.

संध्याकाळी सुखदेव जिन्याखाली आला. हेल्मेट हातात, चेहऱ्यावर काजळी, डोळ्यांच्या कडा तेवढ्या पांढऱ्या. त्याला फाटकावरच कळलं होतं.

"कुठं ठेवला?"

"मोहाखाली," मी म्हणालो.

ठरवून बोललो नव्हतो. येनापासून सर्वांत लांबची जागा तोंडात आली.

"चांगलं केलं," तो म्हणाला. "तेच आवडे त्याले." आणि माझा खांदा दाबून वर गेला.

दुसऱ्या दिवशी तो मोहाखाली गेला. मीही गेलो. न जाऊन कसं चाललं असतं? तो पोळीचा तुकडा ठेवून बसला आणि बोलायला लागला. "काय फोरमन साहेब, आज लेट झालो. तुमच्याबिगर भोंगा झाला तर गेटवर सगळे शांततेनं आत गेले. कोणी शिव्या देल्ल्या नाई." मी चेहरा पाडून शेजारी उभा होतो. पुढं तो जेव्हा जेव्हा फेऱ्याला येई तेव्हा तेव्हा तिथं बसे. पोरीचं लग्न ठरलं ते त्यानं आधी तिथं सांगितलं. वहिनी गेल्या तेव्हा तो तिथंच येऊन रडला, घरी रडला नाही. बसून बसून त्या बुंध्याशी जमीन गुळगुळीत झाली. फुलं त्याच्या डोक्यावर, खांद्यांवर पडत. ज्या ठिकाणी काही नव्हतं तिथं त्याला सगळं मिळत होतं, आणि माझ्याकडे खरा कुत्रा असून मी उभा होतो.

कारण मला येनाखाली थांबताच येत नव्हतं. समोरून दिसलं असतं. सुखदेवनं विचारलं असतं, इथं काय करून राहिला बे? म्हणून येन आलं की मी पावलं उचलायचो. तो साकोलीला गेल्यावर मी थांबू शकलो असतो. पण तोवर पायांना ती सवय लागली होती. शिवाय दर वर्षी या दिवसांत त्याचा फोन येई, "मोहाखाली जाऊन आला का?" आणि खोटं पडू नये म्हणून मी खरोखर मोहाखाली जाऊन येई.

तर गेल्या आठवड्यात तो आला. ऑटोतून उतरला, पाठीत वाकलेला, डोक्याला मफलर, हातात पोरीनं दिलेला डबा. माझ्या खांद्यावर कुदळ. नातीनं निघताना बजावलं होतं, "आबा, कुकी को कीचड़ में मत जाने देना हं, नहलाना मुझे पड़ता है." सुखदेवनं कुकीच्या गुबगुबीत अंगाकडे पाहिलं.

"हे कोण मॅडम?"

"नातीची हाये. लॅब्राडोर."

"हिले फोरमननं एका दिवसात सस्पेंड केलं असतं."

आम्ही तळं डाव्या हाताला ठेवून निघालो. नीलगिरीतून तो थांबत थांबत चालला. जोत्यांपाशी उंबराला टेकून त्यानं दम घेतला. मातीचे घोडे आता नाहीत. कुणी नेले माहीत नाही. येन आलं आणि माझी पावलं पुढं पळाली.

"इथं आलं का तुह्या पायाले चाकं लागते बे," तो मागून म्हणाला. "पयलेपासून पाहून राह्यलो."

मी कुदळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

मोहाखाली त्यानं लाल पट्ट्यावर हात फिरवला, बूट काढले आणि कुदळ मागितली. मी म्हटलं, मी खोदतो. तो म्हणाला, "नाई. ठेवाच्या वेळेस मी नव्हतो. काढाच्या वेळेस मले करू दे." त्यानं खोदायला सुरुवात केली. दोन-चार घाव, मग दम, मग पुन्हा. मऊ, फुलांनी कुजलेली माती. मुळं. पुन्हा माती. त्याच्या मानेवरून घाम मफलरमध्ये जात होता. गुडघाभर खड्डा झाला. त्यानं आत हात घालून चाचपलं, माती बोटांनी चुरून पाहिली, आणि वर माझ्याकडे पाहिलं.

"कोल्ह्यांनं उकरून नेलं असंल का बे?"

किती सोपं होतं. त्यानंच ते माझ्या हातात आणून ठेवलं होतं. मी नुसती मान हलवली असती तर तो हळहळला असता, आम्ही डबा खाल्ला असता, आणि तो साकोलीला परत गेला असता. पण त्यानं परत कुदळ उचलली.

"नको खंदू, सुखदेव," मी म्हणालो. "तो इथं नाई."

"इथं नाई म्हंजे?"

"कधीच नव्हता. त्या येनाखाली हाये." मी पाण्यापलीकडे बोट केलं.

त्यानं तिकडे पाहिलं. खांबावरून खंड्या उडाला. मग त्यानं खड्ड्याकडे पाहिलं.

"मंग मी कोणासंग बोलत होतो?"

मी त्याच्या हातातली कुदळ घेऊन बाजूला ठेवली.

"आन् तू बाजूले उभा राहून आयकत होता."

"हो."

"कावून?" मग माझ्या बोलण्याची वाट न पाहता, अगदी हळू, "माह्या हातची माती त्याच्यावर पडू नये म्हणून?"

"नाई! तसं नाई."

"तुही माय वरचं पाणी घेत नव्हती. मी काही म्हटलं का कधी? पण मले मालूम होतं ना, पाटील. मी काही आंधळा नव्हतो."

"तसं नाई रे, सुखदेव. मी जळत होतो."

"कोणावर?"

"तुह्यावर. तो तुहा होता. जिता होता तवा तुहाच होता. मेल्यावर तरी माहा राहील असं वाटलं."

तो माझ्याकडे पाहत राहिला. दोन्हींपैकी कशावर विश्वास ठेवावा हे ठरवत असावा. मीही त्या क्षणी आत डोकावून पाहिलं. त्याचा प्रश्न सरळ फेकून देता येईल इतकी स्वच्छ जागा मला आत सापडली नाही. मी जळत होतो हे खरं. पण आईपुढे गप्प बसलेला मीच, आणि वहिनी "येऊ द्या" म्हणत असताना सायकल काढणारा मीच.

"आन् राह्यला का?" त्यानं विचारलं.

"काय?"

"तुहा."

तळ्यात काहीतरी डुबकन पडलं. कुकी अडईंच्या मागं पाण्यात शिरली होती आणि गळ्यापर्यंत चिखलात उभी राहून आनंदानं भुंकत होती.

"किती खेपा बसला तू त्याच्यापाशी?"

"एकदाही नाई. तू इथून पाहशील म्हणून."

सुखदेव हसला. ते हसू चांगलं नव्हतं. "पाटील," तो म्हणाला, "तू तर माह्याहून भिकारी निघाला बे."

मग तो खड्ड्याच्या काठावर बसला. हातानं माती आत लोटायला लागला. मी मदतीला वाकलो तर त्यानं माझा हात बाजूला केला.

"तिकडे जाऊ ना," मी म्हटलं. "दाखवतो. तिकडे रस्ता नाई जाऊन राह्यला. तुले न्यायचा असंल तर आपण दोघं मिळून..."

"तू गाडला, तूच ठेव. मले इथं बसू दे."

"पण तो इथं नाई, सुखदेव. अन् हे झाडही जाणार हाये."

"जाईन तवा जाईन." त्यानं डबा उघडला, पोळी मोडली. "आन् इथं कोण हाये, कोण नाई, ते तुले काय मालूम?"

तो साकोलीला परत गेलेला नाही. पोरीकडेच आहे. सकाळी ऑटोनं येतो, पुलियापासून एकटा चालतो, मोहाखाली बसतो. माझ्याशी बोलत नाही. दिसलो तर मानेनं ओळख देतो, कधी तीही देत नाही. बोलताना मात्र दिसतो. ओठ हलतात, हात हलतात, एकदा तर स्वतःशीच हसला. काय सांगत असेल? आता तर माझ्याबद्दलही सांगायला भरपूर आहे.

मी आता येनाखाली बसतो. लपायचं कारण उरलं नाही. जमीन कडक आहे, गुडघे दुमडताना कळ येते, आणि वाळलेल्या पानांवर बसलं की जरा हललं तरी आवाज होतो. कुकी दोरी ताणून घोरपडीची बिळं हुंगत असते. वारा तळ्यावरून आला तर मोहाचा वास इथपर्यंत येतो. नाही आला तर इथं कसलाच वास नसतो. पहिल्या दिवशी मी बोलून पाहिलं. "फोरमन," इतकं म्हटलं आणि थांबलो. पुढं काय म्हणायचं ते मला कधीच माहीत नव्हतं.

म्हणून मी डोळे मिटतो आणि त्याला आठवायला बघतो. भुरी पाठ आठवते, पायांचे तळवे, दुसऱ्या कुत्र्यानं चावलेला तो डावा कान, शेपटीचं टोक. सगळं स्पष्ट आहे. तोंड तेवढं येत नाही. मी हाक मारतो, वाट पाहतो, पुन्हा हाक मारतो. तो मला पाठमोराच दिसतो.